घामेजल्या पाठीवर घरगुती उतारा : सोलापुरी उन्हात मोटारीचे आसन थंड कसे राखावे?

सोलापूर : मोटारीच्या आसनावर अंथरलेला टॉवेल हे सोलापूरकरांना नवे दृश्य नाही. अक्कलकोट-तुळजापूरच्या भाविकांना घेऊन धावणाऱ्या जीपपासून सरकारी साहेबांच्या गाडीतील पांढऱ्याशुभ्र टॉवेलापर्यंत उन्हाळ्यात तो सर्वत्र आढळतो. कुणी त्याला सवय म्हणते, कुणी रुबाब. प्रत्यक्षात या टॉवेलामागे एक साधे शास्त्र आहे. रेक्झिनच्या आसनाला चिकटलेल्या पाठीचा घाम तो टिपून घेतो. मात्र टिपलेला घाम वाळायला वारा लागतो आणि पाठ व आसन यांच्या फटीत वारा शिरत नाही. त्यामुळे टॉवेलाचे काम अर्ध्यावरच थांबते. उरलेले अर्धे काम एखादा छोटा पंखा, थोडी जाळी आणि दोन लिटर पाणी यांच्या साह्याने घरच्या घरी पूर्ण करता येते. महागड्या मोटारींतील 'व्हेंटिलेटेड सीट' ज्या तत्त्वावर चालते, तेच तत्त्व येथेही लागू पडते. सोलापूरच्या कोरड्या हवेत तर त्याला पाण्याची जोड देऊन आणखी एक पाऊल पुढे जाता येते.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, हे आता बातमीतही येईनासे झाले आहे. पण त्या उन्हात रोज सहा-आठ तास सुकाणूमागे बसणाऱ्या चालकांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ आरामाचा नाही. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शरीरातील पाणी थोडेसे कमी झालेल्या चालकांच्या हातून पुरेसे पाणी प्यायलेल्या चालकांच्या तुलनेत दुपटीहून अधिक चुका झाल्याचे आढळले होते. पूर्ण पाणी मिळालेल्या अवस्थेत ४७ चुका, तर कमी पाणी मिळालेल्या अवस्थेत १०१. घामाने भिजलेला, थकलेला चालक महामार्गावर स्वतःसाठी आणि इतरांसाठीही धोका ठरू शकतो. म्हणूनच आसनाचा हा खटाटोप समजून घेण्याजोगा आहे.

पाठच का तापते?

स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर साधारण १०० ते १२० वॅट उष्णता सतत बाहेर टाकत असते. म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका मोठ्या विजेच्या दिव्याइतकी. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर ही उष्णता आपोआप हवेत जाते. त्वचेचे तापमान ३४-३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. बाहेर ४२ अंश असताना उष्णता उलट दिशेने, म्हणजे हवेतून शरीरात येऊ लागते. अशा वेळी शरीरापुढे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम.

एक ग्रॅम घाम वाळताना त्वचेतून सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तासाभरात १०० मिलिलिटर घाम पूर्णपणे वाळला तर साधारण ६७ वॅट उष्णता निघून जाते. येथे 'वाळला तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ओघळून कपड्यात मुरलेला किंवा फोममध्ये साचलेला घाम शरीराला थंड करीत नाही. तो केवळ शरीरातील पाणी आणि मीठ घेऊन जातो.

भाजलेल्या रुग्णाची जखम किती मोठी आहे हे ठरविण्यासाठी डॉक्टर 'नऊचा नियम' वापरतात. त्या हिशेबाने पाठ, बैठक आणि मांड्यांची मागची बाजू मिळून त्वचेचा साधारण चौथा हिस्सा होतो. मोटारीत बसल्यावर नेमका हाच चौथा हिस्सा फोम आणि रेक्झिनखाली झाकला जातो. मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेतून येणारा गार झोत चेहरा, छाती आणि गुडघे यांच्यावर येतो. पाठीपर्यंत तो पोहोचत नाही. त्यामुळे पुढून गारठलेला आणि मागून घामाने चिंब असा चालक वातानुकूलित गाडीतही दिसतो.

कंपन्यांनी कोणता मार्ग काढला?

मोटारीतील उष्म्याशी माणसाची झुंज जुनी आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील वाळवंटी प्रदेशात १९३०च्या दशकानंतर मोटारीच्या खिडकीला बाहेरून एक नळकांडे टांगले जाई. त्यात पाण्याने भिजविलेली गादी असे. गाडी धावू लागली की वारा त्या ओल्या गादीतून गार होऊन आत येई. वाळ्याचा पडदा आणि घरातील कूलर यांचेच हे चाकांवरचे रूप होते. आपल्याकडे ट्रकला टांगलेली कॅनव्हासची छागळ पाणी गार करी, तेही याच तत्त्वावर. कारखान्यातूनच वातानुकूलन बसवून देण्याची सुरुवात अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये केली. त्यानंतर हळूहळू खिडकीवरची नळकांडी मागे पडली.

आसनाकडे मात्र बऱ्याच उशिरा लक्ष गेले. स्वीडनच्या साब कंपनीने १९९७ मध्ये आणलेल्या '९-५' या मोटारीत आसनाच्या आत पंखे बसविण्याची सोय दिली. हे पंखे छिद्रे पाडलेल्या कातड्यातून हवा आत ओढून घेत आणि पाठीलगतची दमट हवा दूर नेत. पुढे अमेरिकेच्या लिंकन नॅव्हिगेटर या गाडीत विजेवर गार होणाऱ्या पट्टीची जोड असलेले आसन आले. भारतात ही सोय दीर्घ काळ आलिशान गाड्यांपुरतीच मर्यादित होती. २०१७ मध्ये ह्युंदाईच्या नव्या 'व्हर्ना'ने ती मध्यमवर्गाच्या आवाक्यातील गाडीत आणली. त्यानंतर अनेक कंपन्यांनी तिचे अनुकरण केले.

यातील लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की 'व्हेंटिलेटेड' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक आसनांत थंडावा निर्माण करणारे कोणतेही यंत्र नसते. असतात ते फक्त पंखे. गारवा जाणवतो तो वातानुकूलित हवा पाठीपर्यंत पोहोचल्यामुळे आणि घाम वाळल्यामुळे. ही गोष्ट घरी करून पाहणाऱ्यांच्या पथ्यावर पडणारी आहे.

सोलापूरची हवा : गुण आणि दोष

सोलापूर पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसले आहे. मुंबईच्या तुलनेत येथील उन्हाळी दुपार अतिशय कोरडी असते. हवा कोरडी असली की पाणी लवकर वाळते आणि पाणी जितक्या वेगाने वाळते तितका गारवा अधिक. हवेचे तापमान ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या कापडातून जाणारी हवा सैद्धांतिकदृष्ट्या २४ अंशांपर्यंत उतरू शकते. घरगुती जुळणीत यातील साठ टक्के घट साधली तरी आसनाला मिळणारी हवा ३१ अंशांच्या आसपास येते. तिची आर्द्रता तोवर पन्नास टक्क्यांच्या घरात पोहोचलेली असते. तरीही ती त्वचेपेक्षा थंड असते आणि पाठीवरचा घाम वाळविण्याइतकी जागा तिच्यात शिल्लक असते.

याच कोरडेपणाची दुसरी बाजूही आहे. कडक उन्हातील नुसत्या पंख्याविषयी जाणकार सावध करतात. चाळीस अंशांपुढे पंख्याचा झोत शरीराला उलट तापवू शकतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत पंख्याचा उपयोग झाला. मात्र ४७ अंश आणि १० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या हवेत पंख्यामुळे शरीराचे तापमान आणि हृदयावरचा ताण वाढल्याचे दिसले. कारण उघड आहे. अति कोरड्या हवेत घाम पंख्याशिवायही वाळतच असतो. पंखा फक्त गरम हवेचा मारा वाढवितो.

आसनाखाली झाकलेल्या त्वचेला हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही, कारण तेथे घाम मुळी वाळतच नसतो. तरीही वातानुकूलन नसलेल्या गाडीत, भर दुपारी, केवळ गरम हवा आसनात सोडणे शहाणपणाचे नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंख्याच्या आधी पाणी हवे. घरगुती आसनाची सारी रचना या एका वाक्याभोवती उभी राहते.

पहिली पायरी : जाळीची गादी

कामाला सुरुवात विजेशिवाय करावी. मूळ आसन उसवू नये, त्यावर ठेवता येईल अशी सुटी गादी तयार करावी. तिचे तीन थर असतात. सर्वांत खाली हवा न सोडणारे जाड रेक्झिन. मध्ये हवा खेळती ठेवणारी ताठ जाळी. वर सुती, विरळ विणीचे कापड. कडा चारही बाजूंनी शिवून बंद कराव्यात, म्हणजे आत सोडलेली हवा बाजूने निसटून न जाता वरच्या कापडातूनच बाहेर पडते.

खरी कसोटी मधल्या जाळीची असते. साधा स्पंज माणसाच्या वजनाखाली चपटा होतो आणि हवेची वाट बंद पडते. दुचाकीच्या आसनावर उन्हाळ्यात घालतात ते जाळीदार कव्हर बाजारात सहज मिळते. त्याचे दोन-तीन थर एकावर एक शिवले तर हवेला वाट राहते. जाळी निवडताना ती जमिनीवर ठेवून तिच्यावर बसून पाहावे आणि कडेने तोंडाने फुंकर घालावी. फुंकर सहज आत गेली तर जाळी योग्य. शिवणकाम मोटारींची सीट कव्हरे शिवणाऱ्या कोणत्याही कारागिराला जमण्यासारखे आहे.

गादीची जाडी दोन सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी. चालक जितका उंच बसेल तितके आरसे, पट्टा आणि पायांचा आवाका बदलतो. गादी ठेवल्यावर हे सारे पुन्हा जुळवून घ्यावे. ती घसरणार नाही अशी चार ठिकाणी पट्ट्यांनी बांधावी.

ही नुसती गादी आठवडाभर वापरून पाहावी. पाठ आसनापासून दोन सेंटिमीटर दूर राहिल्याने आणि मधून थोडी हवा खेळल्याने अनेकांना एवढ्यावरच समाधान वाटेल. लाकडी मण्यांची कव्हरे टॅक्सीचालकांत लोकप्रिय झाली, त्यामागे हेच कारण आहे.

दुसरी पायरी : ब्लोअर

गादीत हवा सोडण्यासाठी संगणकातील चपटा पंखा वापरण्याचा मोह होतो. तो बहुधा फसतो. असा पंखा मोकळ्यावर भरपूर हवा फेकतो, परंतु समोर अडथळा आला की त्याचा जोर संपतो. माणसाच्या वजनाखाली दबलेली जाळी हा मोठाच अडथळा असतो. त्याऐवजी गोगलगायीच्या आकाराचा, बाजूने हवा फेकणारा १२ व्होल्टचा छोटा ब्लोअर घ्यावा. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत तो मिळतो. एक ब्लोअर साधारण १ अँपिअर वीज घेतो. बैठकीसाठी एक आणि पाठीसाठी एक असे दोन पुरेसे होतात. दोन्ही मिळून २४ वॅट, म्हणजे मोटारीच्या हेडलाइटच्या एका जुन्या दिव्याच्या निम्म्याहूनही कमी.

ब्लोअर आणि गादी यांना व्हॅक्यूम क्लीनरच्या लवचिक पाइपाचा तुकडा जोडता येतो. पाइप जितका रुंद आणि जितका आखूड, तितकी हवा अधिक. ब्लोअर थेट बैठकीखाली दाबून बसवू नये. त्याचा आवाज आणि थरथर पाठीला जाणवते.

हवा कोणत्या दिशेने खेळवायची, हे गाडीवर अवलंबून असते. गाडीत वातानुकूलन असेल तर ब्लोअरचे ओढणारे तोंड गादीला जोडावे. त्यामुळे केबिनमधील गार हवा पाठीमागून गादीत ओढली जाते आणि दमटपणा घेऊन बाहेर पडते. वातानुकूलन नसेल तर ब्लोअरचे फेकणारे तोंड गादीला जोडावे आणि ओढणारे तोंड तिसऱ्या पायरीतील पाण्याच्या पेटीला.

तिसरी पायरी : टॉवेलाची पेटी

येथे सोलापूरचा माल कामी येतो. भौगोलिक मानांकन मिळालेला सोलापुरी टेरी टॉवेल पाणी शोषण्यासाठीच विणलेला असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या सुती फासांमुळे पाण्याला हवेशी भिडायला भरपूर पृष्ठभाग मिळतो. झाकण घट्ट बसणारी प्लॅस्टिकची पेटी घ्यावी. तळाशी दीड-दोन लिटर पाणी राहील आणि टॉवेलाच्या उभ्या पट्ट्या एकमेकींपासून बोटभर अंतरावर लटकतील, अशी मांडणी करावी. पट्ट्यांची खालची टोके पाण्यात बुडलेली असावीत. पेटीच्या एका बाजूला हवा आत येण्यासाठी छिद्रे पाडावीत, समोरच्या बाजूला ब्लोअरकडे जाणारा पाइप जोडावा. हवेला पट्ट्यांमधूनच जावे लागेल, हे महत्त्वाचे.

नवाकोरा टॉवेल पाणी नीट शोषत नाही. कारखान्यात मऊपणासाठी दिलेला थर त्याला कारण असतो. म्हणून दोन-तीन वेळा कोमट पाण्यात धुऊनच तो वापरावा. सुती कापडातून पाणी फार तर वीतभर उंच चढते. पट्ट्या त्याहून लांब ठेवू नयेत आणि निघण्यापूर्वी त्या वरूनही भिजवून घ्याव्यात.

हिशेब समजून घेण्यासारखा आहे. सेकंदाला सुमारे १४ लिटर हवा या पेटीतून गेली आणि ती ११ अंशांनी उतरली, तर तासाला साधारण पाव लिटर पाणी उडून जाते आणि सुमारे १६० ते १७० वॅट इतका गारवा मिळतो. खर्ची पडते ती ब्लोअरची २४ वॅट वीज. गादी दबल्याने हवा निम्मी झाली, तरी हा सौदा फायद्याचाच राहतो.

पेटी वापरताना खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्या लागतात, नाहीतर दमट हवा केबिनमध्ये साचते. पाणी रोज बदलावे. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात, शिवाय पट्ट्यांना कुबट वास येतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने पट्ट्यांवर पांढरा थर चढतो आणि त्या कडक होतात. आठवड्यातून एकदा त्या धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. गादीचे वरचे कापड मात्र ओले करून त्यावर कधीही बसू नये. तासन् तास ओलसर कपड्यांत बसल्याने घामोळे आणि बुरशीजन्य त्वचारोग बळावतात.

बर्फ आणि 'पेल्टिअर' : मोह कितपत?

विजेच्या प्रवाहाने एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणाऱ्या चौकोनी चकतीचे आकर्षण अनेक हौशी कारागिरांना असते. फ्रान्सचे शास्त्रज्ञ पेल्टिअर यांनी १८३४ मध्ये या गुणधर्माचा शोध लावला आणि त्यांच्याच नावाने ही चकती ओळखली जाते. बाजारात मिळणारी चार सेंटिमीटरची साधी चकती १२ व्होल्टवर ५० ते ६० वॅट वीज खाते. प्रत्यक्ष वापरात ती त्याच्या निम्मी, म्हणजे २५ ते ३० वॅट उष्णता उचलते. उचललेली उष्णता आणि खाल्लेली वीज मिळून ८० वॅटच्या आसपास उष्णता दुसऱ्या बाजूला बाहेर पडते. ती गाडीबाहेर नेण्याची सोय नसेल तर चालक आसनाखाली शेगडी घेऊन बसल्यासारखेच होते. चार-सहा चकत्या लावल्या तर विजेचा भार २० अँपिअरच्या पुढे जातो. सोलापुरी टॉवेलाच्या दोन-चार पट्ट्या त्याहून कितीतरी स्वस्तात अधिक काम करतात.

बर्फाचा मार्ग खर्चिक असला तरी परिणामकारक आहे. थर्मोकोलच्या पेटीत बर्फ आणि पाणी, त्यात १२ व्होल्टचा लहान पंप आणि गादीत नागमोडी फिरविलेली मऊ नळी, अशी त्याची रचना असते. शर्यतीत गाड्या चालविणारे अशाच नळ्यांचे सदरे घालतात. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो. सतत १०० वॅट गारवा हवा असेल तर पाच किलो बर्फ साडेचार तासांच्या आसपास पुरतो. अडचण वेगळीच आहे. नळीतील पाणी फार थंड असले तर कोरड्या सोलापुरातही नळीवर दव धरते आणि गादी ओली होते. शिवाय अति थंड स्पर्शाने त्वचेखालील रक्तवाहिन्या आकसतात आणि शरीराची उष्णता बाहेर पडण्याऐवजी आतच अडकते. नळीतील पाणी १८ ते २० अंशांवर राखणे उत्तम. बर्फाची पेटी वजनदार असल्याने ती पट्ट्याने पक्की बांधणेही आवश्यक आहे.

वायर, फ्यूज आणि एअरबॅग

घरगुती जोडणीतील सर्वांत मोठा धोका उष्णतेचा नसून विजेचा आहे. ब्लोअरची तार थेट बॅटरीला जोडू नये. ती इग्निशन बंद झाल्यावर वीज बंद होणाऱ्या ठिकाणाहून घ्यावी. अन्यथा रात्रभर चालू राहिलेला ब्लोअर सकाळी गाडी सुरू होऊ देणार नाही. सुरुवातीलाच ३ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज असावा. तार आसनाच्या सरकत्या पट्टीखालून नेऊ नये. आसन मागेपुढे करताना ती चिरडते आणि तेथूनच ठिणगी पडण्याची भीती असते. जोड नुसते चिकटपट्टीने न गुंडाळता सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक नळी चढवावी. हे काम मोटारींच्या वायरिंगचा अनुभव असलेल्या कारागिराकडून करून घेणेच उचित.

ट्रकमालकांनी एक गोष्ट विसरू नये. अवजड वाहनांत वीज २४ व्होल्टची असते. १२ व्होल्टचा ब्लोअर तेथे लावला तर तो काही क्षणांत जळतो.

नव्या गाड्यांच्या आसनांत आणखी दोन गोष्टी दडलेल्या असतात. एक म्हणजे आसनाच्या कडेतून उघडणारी एअरबॅग. आसनाच्या बाजूला 'एअरबॅग' असे शिवलेले दिसत असेल, तर ती कड कोणत्याही गादीने किंवा पट्ट्याने झाकू नये. दुसरी म्हणजे आसनावर कुणी बसले आहे की नाही हे ओळखणारा सेन्सर. हा मुख्यत्वे चालकाशेजारच्या आसनात असतो. तेथे पाणी झिरपले तर तो बिघडू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत नियमबाह्य बदल करण्यास मनाई आहे. आसन कापणे, त्याचा सांगाडा बदलणे अशा उद्योगांऐवजी काढता-घालता येणारी गादी निवडण्यामागे हेही कारण आहे.

पाण्याची पेटी पायांजवळच्या ब्रेक-क्लचच्या बाजूला कधीही ठेवू नये. चालकाच्या आसनामागे, पट्ट्याने जखडलेली अशी तिची जागा असावी. ब्लोअरकडे जाणारा पाइप पेटीतून निघताना आधी वर चढवून मग खाली आणला, तर जोरात ब्रेक लागल्यावर उसळलेले पाणी ब्लोअरमध्ये जात नाही.

उभ्या गाडीची भट्टी

कोणतेही आसन उन्हात उभ्या राहिलेल्या बंद गाडीपुढे हतबल ठरते. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बंद मोटारीच्या आतील तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सरासरी २२ अंशांनी चढल्याचे दिसले. त्यातील ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती आणि काचा किंचित खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नव्हता. सोलापूरच्या ४२ अंशांच्या दुपारी याचा अर्थ साठीच्या पुढे असा होतो. लहान मुलांना पाच मिनिटांसाठीही गाडीत बंद करून जाऊ नये, असे वारंवार सांगितले जाते ते याचमुळे.

म्हणून गाडी सावलीत लावणे, काचेवर परावर्तक पडदा ठेवणे, निघताना चारही दारे उघडून आतली तप्त हवा घालविणे, हे बिनखर्चाचे उपाय आधी. २०१९ मध्ये अहमदाबादेतील एका मोटारीला उष्म्यापासून बचावासाठी शेणाचा लेप दिल्याची छायाचित्रे देशभर गाजली होती. त्या उपायाची चेष्टा बरीच झाली. पण तापलेली गाडी हा प्रश्न लोकांना किती छळतो, याची ती साक्ष होती.

कोणासाठी, कुठवर?

मध्यम व अवजड मालवाहू वाहनांच्या चालक केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे करण्याचा केंद्राचा नियम २०२५ पासून तयार होणाऱ्या वाहनांसाठी आहे. त्याआधी रस्त्यावर आलेले ट्रक, टेम्पो, जीपगाड्या आणि जुन्या टॅक्सी आणखी कित्येक वर्षे धावत राहतील. पुणे-हैदराबाद महामार्गावर सोलापूर ओलांडून जाणाऱ्या अशा वाहनांच्या चालकांना या गादीचा खरा उपयोग आहे. गादी, दोन ब्लोअर, पेटी आणि टॉवेल यांचा खर्च बऱ्यापैकी सीट कव्हरच्या जोडीहून फार वेगळा नसतो.

मात्र तिची मर्यादा ओळखायला हवी. ती पाठ कोरडी ठेवते, उष्माघात बरा करीत नाही. डोके जड होणे, मळमळ, चक्कर, बोलण्यात असंबद्धता किंवा अंग तापलेले असूनही घाम थांबणे, यांपैकी काहीही जाणवले तर गाडी तत्काळ सावलीत थांबवावी, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पाठ कोरडी राहिली म्हणून घाम कमी आला असा गैरसमज करून घेऊ नये. तो येतच असतो, फक्त आता वाळून जातो. त्यामुळे तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक किंवा मीठ-साखरेचे पाणी घेत राहणे आवश्यकच आहे.

जूनमध्ये हवा बदलली की पेटीचे काम संपते. ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ओल्या टॉवेलामुळे जेमतेम तीन अंशांचा फरक पडतो आणि हवा मात्र कोंदट होते. तेव्हा नुसता ब्लोअर पुरे. मृगाच्या सरी आल्या की पेटीतील पाणी ओतून द्यावे, पट्ट्या धुऊन वाळवून ठेवाव्यात आणि जाळीची गादी तेवढी आसनावर राहू द्यावी. पुढच्या होळीनंतर टॉवेल पुन्हा भिजवावेच लागतील.